पाठकोऱ्या कागदाची बाजू

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या वाचनालयात ‘रोज चित्र काढावं का?’ या विषयावर परिसंवाद झाला. मोठ्यांसाठी चित्रकलेचे वर्ग चालवणारे एक उत्साही गृहस्थ एका बाजूला, आयुष्य रंगांत घालवलेले एक ज्येष्ठ चित्रकार दुसऱ्या बाजूला. पहिले म्हणाले, तीस दिवस न चुकता रोज एक चित्र काढा, हात कुठल्या कुठे जातो बघा. दुसरे म्हणाले, कला काही हजेरीपटावर सही करून येत नाही. आतून आल्याशिवाय काढलेलं चित्र म्हणजे नुसतं कित्ता गिरवणं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिल्याच बाई उठून म्हणाल्या, “सुरुवात करायची तर कुठला सेट घ्यावा?” उरलेला पाऊण तास कागदाचं जीएसएम म्हणजे वजन-जाडी, ब्रशचे नंबर आणि परदेशी रंग कुठे स्वस्त मिळतात यावर गेला. सभेत खरी जान आली ती तेव्हाच.

मला हा सगळा वादच भलत्या ठिकाणी उभं राहून घातलेला वाटतो. एकाला चित्र सुधारायचंय, दुसऱ्याला ते पवित्र ठेवायचंय आणि बाईंना त्याची जय्यत तयारी करायचीय. तिघांचंही लक्ष शेवटी कागदावर जे उरतं त्याच्यावर. माझं म्हणणं असं की ते दुय्यम आहे. रोज चित्र काढावं ते एरवी ज्या गोष्टीकडे आपण दोन सेकंदही पाहत नाही तिच्याकडे दहा मिनिटं पाहता यावं म्हणून. चित्र ही त्या पाहण्याची पावती. पावती जशी कुठल्याही चिठोऱ्यावर चालते, तसं हे काम साध्यात साध्या साहित्यावर चालतं. किंबहुना साध्याच साहित्यावर टिकतं.

मी चित्रकार नाही. नोकरी हिशेबतपासणीची होती, त्यामुळे घरात पाठकोऱ्या कागदांना तोटा नव्हता. गेली नऊ वर्षं, बहुतेक रोज, त्यांच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने काहीतरी काढतो: बाथरूममध्ये उघडून वाळत ठेवलेली छत्री, कुकरची शिट्टी, बसस्टॉपवर पेंगणारा माणूस. नऊ वर्षांनंतरही माझ्या माणसांच्या हातांना बोटांच्या जागी शेंगा लावल्यासारख्या दिसतात. तेव्हा ‘हात कुठल्या कुठे जातो’ याची साक्ष माझ्याकडून मिळणार नाही.

रोज काढण्याची गोष्ट निघाली की लोकांना ते बाहेरून आलेलं खूळ वाटतं. थोडंफार तसं आहेही. जेक पार्कर नावाच्या अमेरिकी चित्रकाराने २००९ साली ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचं ठरवलं, तेही स्वतःचा हात सुधारावा म्हणून. पुढे ते ‘इंकटोबर’ या नावाने जगभर गेलं आणि आता आपल्याकडची मुलंही ऑक्टोबर लागला की काळी पेनं विकत घेतात. पण रोज सकाळी, ठरल्या वेळी, एकाच रंगाच्या साहित्याने, पुसून जाणार हे माहीत असताना काढलेली रेघ आपल्या उंबऱ्याशी किती पिढ्यांपासून आहे? शिरगोळ्याची पूड, तीही महाग पडली तर कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राख. साहित्य एवढंच. सडा, मग ठिपके, मग चिमटीतून सुटणारी धार. चुकलं तर तळव्याने पुसायचं. खाली सही नाही. आठ वाजेपर्यंत दूधवाल्याचा पाय त्यावर पडलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी तिथेच नवी. त्या बाईला कुणी कधी विचारलं, की आज तुम्हाला स्फूर्ती झाली होती का? किंवा, गेल्या तीस दिवसांत तुमची रांगोळी किती टक्के सुधारली?

इथे मला कुणीतरी अडवेल, आणि ते बरोबरच असेल. रांगोळी बहुतांशी पाठ असलेला नमुना असतो; समोरची वस्तू निरखून कुणी ठिपके जोडत नाही. चैत्रांगणातला पाळणा, कासव, फणी-करंडा हेसुद्धा आईने काढले तसेच मुलगी काढते. शिवाय ते हौसेपेक्षा घरच्या बाईच्या वाट्याला आलेलं काम होतं. सून आजारी पडली तर दुसरी सून काढायची, मुलगा नाही. या दोन्ही गोष्टी मान्य. मी रांगोळीतून निरीक्षण उचलत नाही, सक्ती तर नाहीच नाही. मी एवढंच उचलतो की रेघ काढणं हा प्रसंग असायलाच हवा असं नाही, ते दात घासण्याच्या किंवा पाणी भरण्याच्या रांगेत बसू शकतं, आणि जपून ठेवायचं नसल्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. व्यासपीठावरच्या दोघांनीही ही शक्यता विचारातच घेतली नव्हती.

आणि हे कलेच्या पायरीखालचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी होकुसाई या जपानी चित्रकाराकडे बघावं. लाटेच्या चित्रासाठी जो जगाला माहीत आहे तोच. १८४२-४३च्या सुमारास, वयाची ऐंशी उलटल्यावर, हा माणूस रोज सकाळी कागदाच्या तुकड्यावर काळ्या शाईने एक सिंह काढत असे. अरिष्ट टळावं, दिवस बरा जावा म्हणून. त्यातले दोनशेहून अधिक सिंह आज शिल्लक आहेत: नाचणारे, आळस देणारे, पावसात भिजलेले. अरिष्ट टळावं म्हणून रोज सकाळी काढलेली रेघ! आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिला त्यात काडीचंही नवल वाटलं नसतं. ‘आतून आल्याशिवाय’ काढायचं नाही असं होकुसाईने ठरवलं असतं तर त्या दोन वर्षांत त्याच्याकडे किती सिंह आले असते? आतून येणारं पाणी बहुधा रोज बादली सोडल्याशिवाय येत नाही. आमच्या ज्येष्ठ चित्रकारांचा अनुभव वेगळा असेल. पण त्यांच्या तरुणपणच्या स्टेशनवरच्या स्केचेसचे गठ्ठे मी स्वतः पाहिलेत. ते गठ्ठे हजेरीपट नव्हते तर काय होते?

आता विरोधातला सगळ्यात जड मुद्दा. परिसंवादात तो कुणी मांडला नाही, पण मांडायला हवा होता. गाणं शिकणाऱ्याला गुरू सांगतात, चुकीचा रियाज करण्यापेक्षा रियाज न केलेला बरा, कारण चूक गळ्यात बसली की काढता काढता जन्म जातो. तबल्यावर बोट चुकीचं पडायला लागलं की ते तसंच पडत राहतं. मग सांगणारं कुणी नसताना रोज चित्र काढणाऱ्याचा हात रोज थोडा थोडा वाईटच वळणाला लागणार नाही का? मायकेलअँजेलोने आपल्या अँटोनिओ मिनी या शिष्यासाठी एका चित्राच्या कागदावर लिहून ठेवलंय: काढ अँटोनिओ, काढ अँटोनिओ, काढ आणि वेळ दवडू नकोस. तो कागद ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोज काढण्याचे भक्त हे वाक्य फार प्रेमाने सांगतात. पण अँटोनिओच्या डोक्यावर मायकेलअँजेलो बसलेला होता, हे ते सांगत नाहीत. तुमच्या-माझ्या डोक्यावर कोण आहे?

हा मुद्दा मी टाळत नाही, कारण माझ्या शेंगांच्या बोटांचं कारण तोच आहे. पण त्याची धार एका ठिकाणी बोथट होते. चूक हाताला लागते तेव्हा ती कशातून आलेली असते? आपल्याकडे याचा मोठा, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रयोग झालेला आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा ज्यांनी दिल्यात त्यांना स्मरणचित्र आठवत असेल. नावाप्रमाणे, डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. प्रत्यक्षात काय व्हायचं? बाजार, पाणवठा, गणपती विसर्जन अशी पाच-सहा चित्रं वर्गात पाठ करून घ्यायची. माणसं शक्यतो पाठमोरी, म्हणजे चेहरे काढायला नकोत. डाव्या कोपऱ्यात झाड, उजवीकडे हातगाडी. पेपरात ‘जत्रा’ आली की बाजारात पाळणा घुसवायचा. पाहिलेलं आठवण्याच्या परीक्षेत आपण आठवण्याचंच पाठांतर केलं! निसर्गचित्राची गत तीच: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, आणि आभाळात चारच्या आकड्याचे पक्षी. घाटावर राहणारी मुलंही तेच डोंगर काढायची, खिडकीतून खरा सपाट माथ्याचा डोंगर दिसत असताना. त्या मुलांना शिक्षक होते, मार्गदर्शन होतं, वर दहावीला वाढीव गुणही होते. नव्हतं ते फक्त खिडकीबाहेर पाहणं.

अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या मुलांचं जर्नल हा याचाच दुसरा अंक. ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ हे वाक्य मराठी माध्यमातल्या कुणाला ठाऊक नाही? सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवलेला असायचा, आणि आम्ही मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून पेशी उतरवायचो, कारण त्या जास्त सुबक होत्या. काचेखालच्या पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या दिसत. त्यांना गुण कोण देणार? सान्तियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ असाच सूक्ष्मदर्शकाशी बसून मेंदूतल्या पेशी कागदावर काढत होता. त्या कामाबद्दल १९०६ साली त्याला नोबेल मिळालं आणि त्याच्या आकृत्या आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. त्याने कुणाच्या जर्नलमधून उतरवल्या असत्या तर?

म्हणजे चुकीचा रियाज चित्रकलेत आहेच, पण तो चित्रावरून चित्र काढण्यात आहे. गाण्यात सूर गुरूच्या गळ्यातून यावा लागतो. चित्रात वस्तू समोर बसलेली असते आणि ती खोटं बोलत नाही. किटलीची चोच तुम्ही रोज चुकीच्या ठिकाणी लावाल, पण रोज किटलीकडे बघाल तर कधीतरी ती तुम्हाला टोचेलच. किती दिवसांनी, ते सांगता येत नाही. शिक्षक असेल तर लवकर टोचेल हे खरं. म्हणून शिक्षक मिळत असेल तर नक्की करावा. मिळत नाही म्हणून पाहायचंच थांबवावं, हे मात्र मला पटत नाही.

या वादात आर. के. लक्ष्मण यांचं नाव हमखास निघतं. तसं ते परवाही निघालं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता, तरी ते लक्ष्मण झाले. म्हणजे उपजत प्रतिभा असली की शाळाही नको आणि सरावही नको, असा सूर. अर्ध्या गोष्टीवरून पूर्ण निष्कर्ष काढण्याचा हा नमुना. लक्ष्मण यांच्या बालपणात शिक्षकाने वाखाणलेलं पिंपळाचं पान आहे, घराच्या जमिनीवर आणि भिंतींवर ओढलेल्या रेघा आहेत, आणि जन्मभर पुरलेले कावळे आहेत. कावळा! जो आपल्या खिडकीवर रोज येतो आणि ज्याच्या मानेचा रंग काळा की राखाडी हे विचारलं तर दहातले सहा जण चाचरतील.

आपल्या शेजारचं याहून बोलकं उदाहरण व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं. गोव्यातल्या लोटलीच्या घरात लहानपणी भिंती रंगवायला लागल्यावर आईने हातात वही दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कलेचं रीतसर शिक्षण नाही. कॉलेजात इतिहास शिकले. पण डायरी मात्र ठेवली, आणि त्या डायरीत दिवसाची हकीगत चित्रांनी भरली. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या डायऱ्या पुढे छापून निघाल्या, त्या चाळल्या तर पोर्तुगीज अमलातलं एक सुस्त गाव दिसतं: पाद्री, लग्नं, नाच, गावातल्या बायका, कुत्री, पावसात अडकलेले लोक. विषय शोधायला कुठे गेलेले नाहीत. जे दिवसभर दिसलं तेच. पुढे मारिओंच्या चित्रांत जी गर्दी दिसते, एकेका खिडकीत एकेक भानगड, ती मुंबईला येऊन एकाएकी सुचलेली नाही. पण मला त्या डायऱ्यांचं मोल त्यासाठी वाटत नाही. मारिओ पुढे कुणीच झाले नसते तरी त्या तीन वर्षांचं गोवा एका माणसाने पाहिलं होतं, एवढं पुरेसं होतं.

साहित्याकडे येतो, कारण पाऊण तास त्यालाच दिला गेला. साध्या साहित्याची बाजू मांडताना लोक गरिबीचा गौरव करू लागतात, ते मला करायचं नाही. काही बाबतीत स्वस्त साहित्य खरोखरच छळतं. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर जलरंगाचा ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, टाका, कागद पापडासारखा फुगतो आणि रंग डबक्यात साचतो. नवशिक्याला वाटतं चूक आपली. मुलांच्या रंगपेटीतले रंग एकमेकांत मिसळले की चिखल होतो. ज्याला जलरंग शिकायचाय त्याने जाड कागद घ्यावाच, तिथे काटकसर करू नये. पण जो रोज दहा मिनिटं पाहणार आहे त्याने मुळात जलरंगापासून सुरुवात करावी, हे कुणी ठरवलं? ते दुकानाने ठरवलं.

पेन्सिलीचीच गोष्ट घ्या. आपण जिला अगदी प्राथमिक वस्तू समजतो ती अडचणीतून आलेली आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध चाललेलं, आणि उत्तम शुद्ध ग्रॅफाइट इंग्लंडातल्या खाणीत. माल बंद झाला. तेव्हा निकोला-जाक काँतेने हलक्या ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भाजली आणि १७९५ साली तिचं पेटंट घेतलं. माती जास्त घातली की कडक, कमी घातली की मऊ. आपल्या एचबी-टूबीचं तंत्र त्यातच आहे. म्हणजे शुद्ध माल मिळेना म्हणून जी भेसळ केली तिने जगाला पाच-दहा रुपयांत मिळणारं हत्यार दिलं, ज्याने फिकट राखाडीपासून गच्च काळ्यापर्यंत सगळं काढता येतं. लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज घ्या नाहीतर आणखी कुठली, तिचं लाकूड बरंचसं काश्मीरच्या पुलवामाकडच्या पॉप्लरचं असतं. इतक्या लांबून आलेली वस्तू टोक करून देवळातल्या घंटेसमोर धरावी आणि तरी ‘साहित्य नाही’ म्हणावं, याला काय म्हणायचं?

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांच्याबद्दल सगळे बोलतात ते वारली चित्रकला जगात नेली म्हणून. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं साहित्य म्हणजे गेरू-शेणाने सारवलेली पार्श्वभूमी, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचलेली बांबूची काडी. पण मला त्यांच्या गोष्टीतला दुसराच भाग मोठा वाटतो. वारली चित्रं परंपरेने लग्नात भिंतीवर काढली जायची, आणि ती बायका काढायच्या. म्हशे यांनी १९७०च्या दशकात ती विधीतून बाहेर काढून रोजची केली. साहित्य तेच, आकारही बहुतेक तेच: त्रिकोणांवर त्रिकोण ठेवलेली माणसं. बदललं ते इतकंच की लग्नाची वाट पाहणं थांबलं. आणि त्याबरोबर चित्रात काय काय शिरलं! मासेमारीचं जाळं, मुंग्या, भातकापणी, वारुळं, वळणावळणाचे घोळके. लग्नाच्या चौकात ज्यांना जागा नव्हती ती गावातली निम्मी सृष्टी रोजच्या कागदावर आली. रोज काढल्याने तोचतोचपणा येतो असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

महागड्या वहीची मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. नव्या वहीचं पहिलं पान आठवा. शाळेत पहिल्या पानावर अक्षर कसं मोत्यासारखं, आणि सहाव्या पानापासून मूळपदावर. चामडी बांधणीच्या, क्रीम रंगाच्या कागदाच्या वहीत तर पहिलं पानही होत नाही. तिचा कागद तुमच्याकडे बघत असतो: माझ्या लायकीचं काही आहे का? माझ्या भाच्याने अशी एक वही, बारा ग्रेडच्या पेन्सिली, तीन प्रकारची खोडरबरं आणि पेन्सिलीला टोक करायचं जर्मन यंत्र घेतलं. वही अजून कोरी आहे, यंत्र छान चालतं. पाठकोरा कागद आधीच एकदा वाया गेलेला असतो. त्याच्या पाठीवर कुणाच्या तरी घसाऱ्याचा तक्ता असतो. त्याला लाज नाही, म्हणून तुम्हालाही राहत नाही. खोडरबर तर मी ठेवतच नाही. चुकलेली रेघ तिथेच असते आणि तिच्या शेजारी दुसरी येते. कुठे पाहायचं राहिलं होतं ते नंतर कळतं.

आता पहिल्या गृहस्थांचे तीस दिवस. ‘एकही दिवस चुकवू नका’ हे त्यांनी तीनदा सांगितलं. एकवीस दिवसांत सवय लागते, तीस दिवसांत पक्की होते, वगैरे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. रोज एक साधी गोष्ट करायची ठरवलेल्या लोकांना ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला, साधारण ६६. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. हे मी इतक्या तपशिलाने सांगतो कारण रोजच्या चित्राला मारणारी गोष्ट आळस नसून हा अखंडतेचा हट्ट आहे, असं मला नऊ वर्षांत दिसलंय. अकराव्या दिवशी ताप येतो, बाराव्या दिवशी ‘मोडलंच आता’ म्हणून वही कपाटात जाते. ‘रोज’ हा शब्द आपण हजेरीपटातून घ्यायचा की स्वयंपाकघरातून? आई ‘मी रोज पोळ्या करते’ म्हणते तेव्हा त्यात माहेरी गेलेले आठ दिवस धरलेलेच असतात.

मोबाइलचा आणि आता यंत्राने बनवलेल्या चित्रांचा मुद्दा मी लवकर उरकतो, कारण तो दिसतो तेवढा अवघड नाही. कॅमेऱ्याने एका क्षणात जे टिपता येतं ते दहा मिनिटं घालून का काढायचं? अमेरिकेतल्या एका संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, त्याचा अहवाल २०१४चा, वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. उलट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या २०१६च्या संशोधनात शब्द लिहिण्यापेक्षा त्यांचं चित्र काढणाऱ्यांना ते जास्त आठवले, चित्र कसंही आलेलं असो. गंमत म्हणजे त्याच संग्रहालयात ज्यांनी एखाद्या तपशिलावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला त्यांची आठवण शाबूत राहिली. दोष यंत्राचा नव्हताच, ते कुठे रोखलं याचा होता. आणि चार शब्द टाकून चित्र बनवून देणारं यंत्र? मी चित्राला पावती म्हटलं होतं. हे यंत्र खरेदी न करता छापलेली पावती देतं. तिचा उपयोग ज्याला असेल त्याला असो.

सगळ्यात अवघड आक्षेप अजून उरलाय, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दहा मिनिटं कुणाची? सकाळी पाचला उठून डबे भरून कर्जत-बदलापूरहून लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या बाईला ‘रोज एखादी वस्तू निरखा’ असं मी पेन्शनर माणसाने सांगणं हा उर्मटपणा ठरेल. मी तिला सांगत नाही. मी शाळेला सांगतो. जिथे दहा मिनिटं आधीपासून आहेत, तिथे ती कुणी घेतली? चित्रकलेचा तास गणिताचे सर मागून घेतात, कारण पोर्शन राहिलाय. आणि चित्रकलेचे सरही देऊन टाकतात, कारण त्या तासाला आपणच किंमत ठेवलेली नाही. एके काळी तरी ठेवली होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० साली सार्वजनिक शाळांत चित्रकला सक्तीची केली, ती चित्रकार घडवायला नव्हे. कापडगिरण्या आणि यंत्रशाळांना पाहता-काढता येणारी माणसं हवी होती. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली उघडलं तेही मुख्यतः कारागिरी सुधारावी म्हणून. त्या काळचा हेतू धंद्याचा होता, माझा नाही. पण चित्र काढणं ही निवडक मुलांची देणगी न मानता लिहिण्या-वाचण्याच्या रांगेतली गोष्ट मानणं त्या गिरणीमालकांना जमलं होतं, आणि आपल्याला परीक्षेच्या गुणांपलीकडे जमत नाही. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती आपण प्रत्येक मुलाकडून काढून घेतो, कुणाला काढता येतं हे न विचारता. दुसऱ्या दिवशी ते विचारायला लागतो. वर्गात रोज दहा मिनिटं, समोर कडुलिंबाची फांदी नाहीतर सायकल, पाटी किंवा पाठकोरा कागद, गुण नाहीत, भिंतीवर लावणं नाही. एवढ्याला कुठला सेट लागतो?

काढलेल्या कागदांचं काय करता, असं लोक विचारतात. वर्षातून दोनदा रद्दीत घालतो. आमचा रद्दीवाला अजून हातातली तागडी वापरतो. गेल्या दिवाळीत गठ्ठा बांधताना वरचा कागद त्याने उचलून पाहिला. त्यावर त्याचीच तागडी होती. जिन्यात बसून तो समोरच्यांची रद्दी तोलत असताना मी काढलेली. मला वाटलं, खूश होईल. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाला, “काका, यात काटाच नाही की. वजन कळणार कसं?” मी तागडी हातात घेऊन पाहिली. दांडीच्या मधोमध, जिथे तो धरतो तिथे, बोटभर लोखंडी काटा उभा होता. तीन वेळा तरी मी ती तागडी काढली असेल. कागद परत मागितला, तर म्हणाला, आता तोलून झालंय. साडेतीन किलोत गेला तो.